चार कप्प्यांची पेटी

मागच्या महिन्यात शेजारच्या आजोबांनी त्यांची मासेमारीची पेटी माझ्या हातात ठेवली. बोटांना आता गाठ मारता येत नाही, एवढंच म्हणाले. आम्ही मिशिगनला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यापासून मी त्यांच्या होडीत बसतोय. लहानपणी मामाबरोबर खाडीवर गरवायला जायचो तेव्हा गळाला कोलंबी लावली की विषय संपला. इथे एका बास माशासाठी अख्खी पेटी, चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर त्यांच्या अक्षरात ऋतूचं नाव!

हिवाळ्याचा कप्पा जवळजवळ रिकामा. शिशाच्या डोक्याचे दोन-तीन जिग, बस्स. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, त्यामुळे थंडीत तो कशाच्याही मागे धावत नाही. बारीक दोरा लावायचा आणि तळाशी आपल्यालाच कंटाळा येईल इतकं हळू ओढायचं.

वसंतात पाणी 15-16 अंशांच्या वर गेलं की बास उथळात येतात आणि नर घरटं करून राखण करतो. या कप्प्यात मऊ प्लास्टिकची गांडुळं आहेत. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीमने 1949 मध्ये बायकोबरोबर स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्लास्टिक शिजवून पहिली गांडुळं ओतली. (आमच्या स्वयंपाकघरात हे चाललं नसतं!) घरट्यावर बसलेल्या माशापुढे मात्र आजोबा गळ टाकत नाहीत. नियमापेक्षा तो त्यांचा स्वभाव असावा.

उन्हाळ्याचा कप्पा सगळ्यात भरलेला. भर दुपारी मासे खोल जातात, पण पहाटे आणि संध्याकाळी पानांखाली दबा धरून असतात. तिथे बेडूक टाकायचा. त्याला जाड दोरा आणि ताठ काठी हवी, नाहीतर मासा शेवाळात घुसतो आणि आपण बघत बसतो. ही कल्पना आमच्याच राज्यातली. डोवाजियाक गावचा जेम्स हेडन मधमाश्या पाळायचा. तळ्याकाठी लाकूड तासत बसला असताना हातातला तुकडा त्याने पाण्यात फेकला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो लाकडी बेडूक कोरत होता, आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली.

शरदात बास छोट्या माशांच्या थव्यांमागे लागतात, म्हणून तिथे चंदेरी मासोळ्या. त्यातली एक फिनलंडची. लाउरी रापाला हा गरीब कोळी. मोठे मासे थव्यातली नेमकी लंगडत पोहणारी मासोळी उचलतात, हे त्याने पाहिलं होतं. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून तशी मासोळी कोरली. जोडे शिवणाऱ्याच्या रापीने, म्हणजे नावाला साजेसंच! वरून चॉकलेटची चांदी, आणि व्हार्निश नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप. ऑगस्ट 1962 मध्ये मॅरिलिन मन्रो गेल्यावर निघालेल्या 'लाइफ'च्या अंकात या मासोळीवर लेख आला. तो अंक प्रचंड खपला आणि अमेरिकेतून मागणीचा पूर लोटला.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आजोबा हमखास जॉर्ज पेरीचं नाव काढतात. 2 जून 1932, जॉर्जिया, मंदीचे दिवस. पेरी आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एकच आमिष. त्यावर 22 पौंड 4 औंसांचा बास लागला, म्हणजे जवळपास दहा किलो! वजन नोंदवून त्याने तो घरी नेला आणि सगळ्यांनी खाल्ला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 उजाडलं. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने ती केली, तीही जिवंत मासा गळाला लावून. म्हणजे आमच्या मामाचीच पद्धत.

मग ही पेटी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "हिवाळा फार लांब असतो रे," म्हणाले. बर्फ पडला की ते पेटी उघडून एकेक गळ पुसत, धार लावत बसायचे.

उन्हाळ्याच्या कप्प्यातल्या हिरव्या रबरी बेडकाचा एक पाय तुटलाय, पोटावर दातांचे ओरखडे आहेत. तो बदलू का विचारलं तर नको म्हणाले. शनिवारी पहाटे निघतोय. गाठी मी मारायच्या आणि बेडूक त्यांनी टाकायचा, असं ठरलंय.