नेत्रवैद्यकाची प्रतिष्ठा : एक ऐतिहासिक वाटचाल

अठराव्या शतकात युरोपातील प्रतिष्ठित वैद्य केवळ एकाच अवयवाची चिकित्सा करणे कमीपणाचे मानीत. त्यास सबळ कारण होते. मोतीबिंदू सरकविणारे फिरते वैदू स्वतःची दवंडी पिटीत गावोगाव हिंडत. इंग्लंडच्या जॉन टेलरने १७५० मध्ये लाइपझिग येथे थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी परतली नाही आणि त्याच वर्षी बाख निवर्तले. अशांच्या पंक्तीस बसण्यास सज्जन वैद्य कसा धजावेल?

हा संकोच प्रथम गरजेने मोडला. इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत नेत्रविकाराची साथ पसरली होती. जॉन कनिंगहॅम सॉन्डर्स यांच्या पुढाकाराने १८०५ मध्ये लंडन येथे स्वतंत्र नेत्ररुग्णालय उभे राहिले. तेच पुढे मूरफील्ड्स म्हणून विख्यात झाले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रांतर्दर्शक सिद्ध केला आणि जिवंत डोळ्याचा आतील पडदा प्रथमच स्पष्ट दिसू लागला. हे ज्ञान आत्मसात करण्यास स्वतंत्र अभ्यास अनिवार्य ठरला.

तथापि खरा तज्ज्ञ आणि भोंदू यांतील भेद सामान्य रुग्णाने कसा ओळखावा? अमेरिकेतील नेत्रवैद्यांनी १९१६ मध्ये स्वतःच परीक्षा मंडळ स्थापन करून त्याचे उत्तर दिले. वैद्यकाच्या कोणत्याही शाखेतील त्या देशातील हे पहिलेच मंडळ होय. आपले ज्ञान कसोटीस लावण्याची तयारी दाखविल्यावरच या साधनेस समाजाचा विश्वास लाभला.