उसण, गादी आणि गॅप : वऱ्हाडातील पाठदुखीच्या उपचारांविषयी एक टिपण

पाठीत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाला बोलवावे, ही समजूत महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र आढळते. वऱ्हाडही तिला अपवाद नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी हलकेच लाथ मारली की उसण निघते, असे मानले जाई. अंधश्रद्धा म्हणून हा प्रकार बाजूस सारणे सोपे आहे. परंतु रोगी आणि उपचारक यांच्यातील संबंधाचा इतिहास पाहू जाता येथे थोडे थांबावे लागते. पायाळू हा वैद्य नव्हे. त्याच्याजवळ विद्या नाही, औषध नाही. त्याचा अधिकार जन्माने आलेला असल्यामुळे त्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्यास जागाच उरत नाही. रोग्याची अपेक्षाही तितकीच निश्चित असते : आत काहीतरी 'भरले' आहे आणि ते कोणीतरी 'काढावयाचे' आहे. ही दोन क्रियापदे हेच त्याचे निदान आणि हीच चिकित्सा. शिवाय अकस्मात उद्भवलेली कंबरदुखी बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. त्यामुळे यश पायाळूच्या पदरी पडे.

वऱ्हाडात पाठ दुखण्याचे प्रसंग कापसाने वाढविले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात येथील कापसास भाव आला; १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. पुढे अकोला व अमरावती येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि ३९२ पौंडांची दाबलेली गाठ हलविणे हा हमालांचा नित्याचा उद्योग झाला. तथापि भार केवळ हमालांवर पडला नाही. पऱ्हाटीत दिवसभर वाकून, वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत भरणाऱ्या बायकांची पाठ या उद्योगात अधिक झिजली, असे म्हणावयास हरकत नाही. तिची नोंद मात्र कोठल्याच खतावणीत झाली नाही.

लचकेवर इलाज करणारा दुसरा पुरुष म्हणजे आखाड्यातला वस्ताद. १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्या नगरीत तालमीच्या विद्येला केवढा मान होता, हे त्यावरून कळते. वस्तादाचे मालीश पायाळूच्या लाथेहून निराळे होते. तो दुखरी जागा बोटांनी चाचपून पाही, रोग्याशी बोले, आणि दोन दिवसांनी पुन्हा ये म्हणून सांगे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मृती, आज्ञाधारकता व निर्भयता यांच्या जोडीला 'ज्ञापकत्व', म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, हाही गुण गणला आहे. पण व्यथा सांगता येण्यासाठी ती ऐकणारा समोर लागतो. वस्ताद तेवढे ऐकत असे.

सरकारी दवाखाने वाढले, अमरावतीत इर्विन रुग्णालय उभे राहिले, आणि पाठदुखीची भाषा पालटली. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी मणक्यांमधील चकती फुटून मज्जातंतूवर दाब येतो, हे दाखवून दिले. शोध खराच मोलाचा होता. परंतु मोजक्या रोग्यांना लागू पडणारे हे कारण हळूहळू सरसकट सर्वांना लावले जाऊ लागले. खेडोपाडी त्याचे रूप 'गादी सरकली' असे झाले. 'भरले' गेले आणि 'सरकले' आले. कोणीतरी ते जागेवर बसवावे, ही अपेक्षा जुनीच राहिली. सुई टोचल्याखेरीज औषध लागू पडत नाही, ही भावना तिच्या जोडीला आली, आणि रोग्याला तोडून बोलण्यापेक्षा सुई देणे डॉक्टरासही सोयीचे वाटू लागले. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात रीघ लागली असता दुसरे काय व्हावे?

त्यानंतर क्ष-किरण चित्रांबरोबर 'गॅप' हा शब्द आला. याची गंमत अशी की, चित्रात दोन मणक्यांमधील अंतर कमी झालेले असते. रोगी मात्र तेथे फट पडली, कणा तुटत चालला, असे समजतो. वस्तुतः हे बदल न दुखणाऱ्या पाठीतही विपुल आढळतात. अनेक देशांतील चित्रणांचा २०१५ मध्ये एकत्र विचार झाला, तेव्हा मुळीच वेदना नसलेल्या माणसांत चकतीची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के आढळली. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून कानी पडलेला रोगी आणि केवळ 'गॅप आहे' एवढेच ऐकलेला रोगी, यांची पाठ एकच असली तरी दुखणे एक राहत नाही.

विश्रांतीच्या उपदेशाचीही तीच कथा. १९८६ मध्ये टेक्सासमधील डेयो प्रभृतींनी २०३ रोग्यांची तुलना केली. दोन दिवस पडून राहण्यास सांगितलेल्यांचे कामाचे दिवस सात दिवसवाल्यांपेक्षा ४५ टक्के कमी बुडाले आणि दुखणे उतरण्यात फरक पडला नाही. अपेक्षेचे बळ किती, हे जर्मनीतील चार प्रयोगांवरून दिसले. सुया टोचण्याच्या चिनी उपचाराने गुण येईल, अशी आशा धरून आलेल्या रोग्यांना तो अधिक आला, असा ८६४ रोग्यांवरील निष्कर्ष २००७ मध्ये निघाला; त्यांत जुनाट कंबरदुखीचेही रोगी होते. २०१६ मध्ये लिस्बनला तर गोळीत औषध नाही हे रोग्यांना आधीच सांगितले होते, तरी त्यांची कंबर काहीशी हलकी झाली. एवढ्यावरून पायाळूची लाथ शास्त्रशुद्ध ठरत नाही. पण तिने ज्यांना उतार पडला ते सारे खोटे बोलत होते, असेही म्हणता येत नाही.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. 'वाकू नका' असा सल्ला घेऊन परतलेली बाई दोन-तीन दिवसांत पुन्हा पऱ्हाटीत जाते. न जाऊन चालत नाही. नव्या संशोधनाचे म्हणणे तरी निराळे कोठे आहे? फरक इतकाच की, दवाखान्यात मिळालेला 'गॅप' हा शब्द ती बरोबर नेते, आणि ओटीच्या गाठीखाली कमरेचा पट्टा आवळून, प्रत्येक बोंडापाशी जपून वाकते.