मालकांच्या दप्तरांतील माणसें

आपल्याकडे एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करावयाचा म्हटलें म्हणजे संपादकाची पहिली धाव सनदा, इनामपत्रें व वांटणीचे कागद यांकडे असते, आणि दुसरी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे. पूर्वजानें जमीन मिळविली, भाऊबंदांशीं तंटा केला, निदान एखादी यात्रा केली, एवढी त्याची पुण्याई असली म्हणजे त्याचें नांव कोठें तरी टिकून राहतें. हीं साधनें हाताशीं असल्यामुळें आम्हां पांढरपेशा लोकांस असें वाटूं लागतें कीं, वंशावळ ही प्रत्येकाला जन्मतःच मिळणारी वस्तु आहे. कोणी ती शोधली नाहीं तर तो त्याचा आळस. परंतु ज्यांच्यापाशीं मालमत्ता नव्हती, इतकेंच नव्हे तर जीं माणसें स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होतीं, त्यांच्या वंशजांनीं काय करावें? जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, नीग्रो दासांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या मुक्त झालेल्या लोकांच्या नातवंडां-पणतवंडांनीं आपले पूर्वज कोठें व कसे शोधले, तें पाहण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहोंत.

संयुक्त संस्थानांत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते. पहिली १७९० सालीं झाली. १८४० पर्यंत तींत कुटुंबप्रमुखाचें तेवढें नांव असे, इतरांची केवळ गणती. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिण्यास आरंभ झाला; पण गुलामांसाठीं निराळे तक्ते निघाले. त्यांत नांव लिहावें अशीही एक सूचना होती. ती सिनेटांत दक्षिणेकडील सभासदांच्या विरोधामुळें बारगळली. म्हणून १८५० व १८६० या दोन्ही सालच्या तक्त्यांत मालकाच्या नांवाखालीं ‘पुरुष, वय ३०, काळा’ अशा तऱ्हेच्या ओळीच काय त्या आढळतात. क्वचित् एखाद्या कारकुनानें नियम मोडून नांव लिहिलें असेल तर तेवढा अपवाद. १८६५ सालीं दास्य कायद्यानें नष्ट झालें, आणि १८७० च्या खानेसुमारींत हे लोक प्रथमच नांव-आडनांवासह प्रकट झाले. तेथून मागें गेलें कीं अंधार! त्या देशांतील वंशसंशोधक १८७० या सालास ‘भिंत’ म्हणतात, तें उगीच नव्हे. (पुढील काळांतही सारें सुरळीत आहे असें नाहीं. १८९० च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद वॉशिंग्टन येथें १९२१ सालच्या आगींत व त्यानंतरच्या हेळसांडींत नष्ट झाले.)

या भिंतींतून पलीकडे जाण्याची वाट कौंटीच्या कचेरींतून आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याहून पुष्कळदां लहान, बहुधा तालुक्याच्या तोडीचा मुलकी विभाग. व्हर्जिनियांत १६३४ सालीं असे आठ विभाग पाडण्यांत आले. प्रत्येक कौंटीस स्वतःची न्यायसभा व स्वतःचा क्लार्क असे. आणि हा क्लार्क आपल्या कुळकर्ण्याप्रमाणें खरेदीखतें, गहाणखतें, मृत्युपत्रें, कराच्या याद्या व न्यायसभेचे हुकूम जाड वह्यांत उतरून ठेवी. आजच्या नॉर्थॅम्प्टन कौंटीचें दप्तर तर विभाग पडण्याच्याहि आधींपासून, म्हणजे १६३२ पासून, अखंड आहे. त्याच दप्तरांत अँथनी जॉन्सन हा आफ्रिकन गृहस्थ आपणांस भेटतो. तो दास्यांतून सुटून जमीनदार झाला होता. १६५३ सालीं आगींत त्याचें नुकसान झालें तेव्हां न्यायसभेनें त्याच्या बायकोस व मुलींस कराची सूट दिली. आणि १६५५ सालीं त्यानें स्वतःच जॉन कासर नांवाच्या दुसऱ्या एका आफ्रिकनावर मालकी सांगून ती शाबीत करून घेतली. ज्याला कोर्टाची पायरी चढतां येते त्याची हकीकत अशी त्याच्या गुणदोषांसकट उरते. पुढें ती पायरीच काढून घेण्यांत आली. मुलाची स्थिति आईप्रमाणें समजावी, असा कायदा १६६२ सालीं झाला; आणि १७०५ सालीं गुलाम ही स्थावर मिळकत होय असें ठरलें. हें ठरल्यावर गुलामाच्या नांवाची गरज राहिली ती मिळकतीची ओळख पटविण्यापुरती.

पण तेवढ्यामुळेंच तें नांव उरलें. मालक वारला म्हणजे न्यायसभा पंच नेमी व ते त्याच्या घरादाराची यादी करीत. खाटा, भांडीं, गाई, नांगर, आणि त्याच ओळींत माणसें. बाई व तिचें तान्हें मूल मिळून एक किंमत. तरण्या पुरुषाची सर्वांत मोठी. आणि ज्या म्हाताऱ्याच्यानें काम होत नाहीं त्याच्यापुढें पुष्कळदां शून्य. आम्हीं अशा याद्यांच्या प्रती वाचल्या तेव्हां किंमतीच्या आंकड्यांनीं जितकें अंगावर शहारे आले नाहींत तितके या शून्यानें आले. तथापि संशोधकाला शहारून भागत नाहीं. नांवें कोणत्या क्रमानें आलीं आहेत, कोणत्या बाईच्या पाठोपाठ कोणतीं मुलें आहेत, दहा वर्षांनंतरच्या यादींत त्यांपैकीं कोण उरलें आहे, मालकाच्या मुलीच्या लग्नानंतर कोणतें नांव जांवयाच्या कराच्या यादींत गेलें, हें सारें त्याला ताडून पाहावें लागतें. आडनांव बहुधा नसतेंच. बाप तर जवळजवळ कधींच सांपडत नाहीं. कारण दासांचें लग्न कायद्याला मान्य नव्हतें, आणि मालकी ठरविण्यास आईचें नांव पुरे होतें.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. मालक निरोगी, कर्जमुक्त व भाऊबंदांशीं सलोख्यानें वागणारा असला तर त्याच्या घरच्या दासांचा कौंटीच्या दप्तरांत फारसा मागमूस लागत नाहीं. तीं माणसें वर्षानुवर्षें एकत्र राहिलीं असतील, त्यांनीं मुलांचीं बारशीं केलीं असतील, म्हाताऱ्यांना मूठमाती दिली असेल. वहींत कांहीं नाहीं. मालक मेला, त्याचें दिवाळें निघालें, किंवा वारसांत भांडण लागलें कीं पंच येतात, लेखण्या सरसावतात, आणि नांवें कागदावर उमटतात. म्हणजे जें कुटुंब ज्या दिवशीं फुटलें त्याच दिवशीं तें इतिहासाला दिसलें. वंशज ज्या कागदाच्या शोधांत आहे तोच कागद त्याच्या पणजीच्या आयुष्यांतील सर्वांत वाईट दिवसाचा असतो.

याचें उत्तम उदाहरण प्रत्यक्ष टॉमस जेफर्सन याच्या घरचें आहे. ४ जुलै १८२६ रोजीं जेफर्सन वारला, तो मोठें कर्ज मागें ठेवून. त्याच्या मृत्युपत्रानें पांच दास मुक्त केले; त्यांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची मुक्तता मृत्यूनंतर एक वर्षानें अमलांत यावयाची होती. परंतु धनकोंना एक वर्ष थांबण्याचें कारण नव्हतें. जानेवारी १८२७ मध्यें माँटिसेलो येथें एकशें तीस माणसांचा लिलाव पुकारण्यांत आला, आणि लोहाराची बायको एडिथ व तिचीं मुलें निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडे गेलीं. त्या दिवशीं नवरा कायद्यानें अद्याप दासच होता. मुक्त झाल्यावर त्यानें घणाचे घाव घालून पैसा जमविला व जीं माणसें मिळवितां आलीं तीं मिळविलीं. आणि १८३७ सालीं आल्बेमार्ल कौंटीच्या खतांच्या वहींत त्यानें एडिथला व कांहीं मुलां-नातवंडांना दास्यमुक्त केल्याचें खत नोंदविलें. मुक्त करावयाचें तर आधीं मालकी हवी. दहा वर्षांपूर्वीं ज्याच्या देखत बायकोची किंमत झाली तो गृहस्थ त्याच कायद्याच्या भाषेंत तिचा मालक म्हणून सही करीत आहे!

मग हें खत इतक्या उशीरां कां? १८०६ च्या कायद्याप्रमाणें मुक्त झालेल्या दासास बारा महिन्यांच्या आंत व्हर्जिनिया सोडावी लागे, नाहीं तर पुन्हा दास्य. पुढें कौंटीच्या न्यायसभेकडून राहण्याची परवानगी मागण्याची सोय झाली, पण ती मिळेलच असा भरंवसा नसे. यामुळें कित्येक स्वतंत्र कृष्णवर्णी पुरुष आपल्या बायकामुलांना नांवाला ‘दास’ म्हणूनच घरांत ठेवीत. कराच्या यादींत असा गृहस्थ गुलामांचा मालक दिसतो, आणि घाईनें वाचणारा लगेच सिद्धान्त ठोकतो कीं हे लोकही गुलाम पाळीत. कांहीं खरोखरीच पाळीत. अँथनी जॉन्सनचें उदाहरण वर आलेंच आहे. परंतु यादींतील ती एक ओळ व्यापाराची कीं वात्सल्याची, हें दुसरे चार कागद पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहीं.

फॉसेटच्या १८३७ च्या खतांत त्याचा मुलगा पीटर नाहीं. लिलावाच्या वेळीं तो अकरा वर्षांचा होता. त्याच्या नव्या मालकानें त्याला बापाच्या हवालीं करण्याचें नाकारलें. आईबाप १८४० च्या सुमारास ओहायोकडे निघून गेले, तो मागेंच राहिला. त्याची सुटका १८५० च्या सुमारास झाली. पुढें तो सिन्सिनाटी येथें धर्मोपदेशक झाला, आपली हकीकत त्यानें म्हातारपणीं वर्तमानपत्रांत सांगितली, आणि १९०० सालीं माँटिसेलोचें घर पुन्हा एकदां पाहून आला. त्याच्यामुळें फॉसेट घराण्याला वाणी मिळाली. बाकीच्या बहुतेकांना वहीवरच भागवावें लागतें.

आणि वही फसवितेही. ॲलेक्स हॅले यांचें ‘रूट्स’ हें पुस्तक १९७६ सालीं निघालें, दुसऱ्याच वर्षीं तें दूरचित्रवाणीवर आलें, व त्यानें साऱ्या देशाला आपापल्या पूर्वजांचें वेड लाविलें. हॅले यांच्या घरांत चालत आलेल्या कथेप्रमाणें त्यांचा आफ्रिकन पूर्वज ‘टोबी’ या नांवानें वॉलर नांवाच्या मालकाकडे होता. त्यांना स्पॉट्सिल्व्हेनिया कौंटींतील १७६८ चें खत सांपडलें. त्यांत वॉलर बंधूंमधील व्यवहारांत टोबी हें नांव होतें. ‘लॉर्ड लिगोनियर’ नांवाचें गुलामांचें जहाज सप्टेंबर १७६७ मध्यें ॲनापोलिसला लागलें होतें. सांखळी जुळली असें त्यांस वाटलें. परंतु गॅरी मिल्स व एलिझाबेथ शोन मिल्स या दांपत्यानें त्याच वॉलर मंडळींचे आणखी कागद काढून १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, तो टोबी १७६२ पासूनच तेथें होता; म्हणजे जहाज येण्याच्या पांच वर्षें आधीं! हॅले यांस लबाड म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याही कुलवृत्तान्तांत मूळ पुरुषाला एखाद्या प्रसिद्ध लढाईवर नेऊन बसविणारे संपादक थोडेथोडके झाले नाहींत. मात्र ‘टोबी’ सांपडणें आणि ‘तो टोबी’ सांपडणें यांतील अंतर एका कागदानें भरून निघत नाहीं, हें मिल्स दांपत्याचें म्हणणें कोणाही वंशसंशोधकानें गांठीं बांधावें.

दुसरा कागद पाहावा म्हटलें तरी तो असेलच असें नाहीं. यादवी युद्धाच्या काळांत व्हर्जिनियांतील कित्येक कौंट्यांनीं शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून आपल्या वह्या सुरक्षिततेसाठीं रिचमंडला पाठविल्या. एप्रिल १८६५ मध्यें तें शहर सोडतांना लागलेल्या आगींत त्या जळाल्या. जेम्स सिटी कौंटीचें दप्तर असेंच गेलें. ज्यांनीं आळसानें वह्या जागच्या जागीं राहूं दिल्या त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या वांचल्या.

युद्ध संपल्यावर एक निराळीच वही उघडली. १० मार्च १८६६ च्या कायद्यानें नॉर्थ कॅरोलायनांतील मुक्त झालेल्या जोडप्यांस सांगण्यांत आलें कीं, तुम्ही पतिपत्नी म्हणून राहत असाल तर कौंटीच्या क्लार्कापुढें किंवा न्यायाधिकाऱ्यापुढें येऊन तसें सांगा. कधींपासून एकत्र आहां तें लिहून घेतलें जाईल. फी पंचवीस सेंट. वीस-वीस, तीस-तीस वर्षें संसार केलेलीं म्हातारीं जोडपीं कचेरीच्या दारांत उभीं राहिलीं. या कचेरींत आजवर त्यांचीं नांवें दुसऱ्यानें सांगितलीं होतीं. आतां तीं स्वतः सांगत होतीं. व्हर्जिनियांतही त्याच वर्षीं अशाच याद्या झाल्या. फारच थोड्या कौंट्यांच्या आज शिल्लक आहेत, पण त्यांचे रकाने अधिक भरगच्च आहेत: नवऱ्याचें व बायकोचें नांव, वय, जन्मस्थान, धंदा, मुलांचीं नांवें व वयें. त्यांत आणखी एक रकाना आहे, शेवटच्या मालकाचा. मुक्त झालेल्या सर्वांनींच मालकाचें आडनांव घेतलें नव्हतें. म्हणून याच रकान्यांतील नांव उतरून घेऊन वंशजाला पुन्हा मृत्युपत्रांच्या जुन्या वहीकडे, पंचांनीं केलेल्या यादीकडे वळावें लागतें.