लखनौची युनानी परंपरा आणि जिव्हापरीक्षा

जिभेवरून रोगाचा अंदाज घेण्याच्या विद्येचा चिनी वैद्यकात विशेष विस्तार झाला. चीनमध्ये १३४१ साली सिद्ध झालेल्या एका ग्रंथात जिभेची ३६ चित्रे व त्यांवरील उपचार दिलेले आहेत. जिभेचे टोक हृदयाचे, कडा यकृताच्या, मध्यभाग जठर व प्लीहेचा आणि मूळ मूत्रपिंडाचे, अशी विभागणी ही परंपरा मानते. भारतातही जिव्हापरीक्षा जुनीच आहे. ‘योगरत्नाकर’ या आयुर्वेदीय ग्रंथातील अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र आणि मल यांच्याबरोबर जिव्हेचा समावेश आहे. युनानी हकीमही नाडी, म्हणजे ‘नब्ज’, पाहताना रुग्णाची जीभ पाहतात.

युनानी वैद्यकाच्या शिक्षणात लखनौचे स्थान महत्त्वाचे आहे. झवाई टोला भागातील अजीजी घराण्याचे हकीम अब्दुल अजीज (१८५५-१९११) यांनी १९०२ मध्ये ‘तकमील-उत-तिब’ ही संस्था स्थापन केली. या नावाचा अर्थ ‘वैद्यकाची परिपूर्ती’ असा होतो. हकिमी विद्या तोवर मुख्यतः घराण्यांतून चालत आली होती. या संस्थेमुळे तिला विद्यालयाचे रूप लाभले. आज हे शासकीय महाविद्यालय आहे. युनानी पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते.

परीक्षा कशी करतात?

शिकणाऱ्याने प्रथम निरोगी जीभ ओळखावी. ती गुलाबी व ओलसर असून तिच्यावर पातळ पांढरट थर असतो. परीक्षा दिवसाच्या उजेडात आणि शक्यतो खाण्यापूर्वी करावी. चहा, पान, बीट किंवा रंगीत गोळ्यांमुळे रंग बदलतो. जीभ नुकतीच घासलेली असल्यास थर दिसत नाही. रुग्णाने जीभ ताण न देता बाहेर काढावी. ती फार वेळ ताणून धरल्यास तिचा रंग पालटतो. त्यानंतर रंग, थर, ओलावा, भेगा, कंप आणि कडांवरील दातांचे ठसे क्रमाने पाहावेत.

युनानी मतानुसार पांढरा थर कफाचे, पिवळेपणा पित्ताचे, गडद लाली रक्ताधिक्याचे आणि काळसरपणा ‘सौदा’ या दोषाचे किंवा दोष जळाल्याचे चिन्ह होय. मात्र केवळ जिभेवरून निदान केले जात नाही. नाडी, मूत्र, मल आणि रुग्णाची प्रकृती, म्हणजे ‘मिजाज’, यांचाही विचार करावा लागतो.

मर्यादा आणि सावधगिरी

आधुनिक वैद्यकही जिभेकडे लक्ष देते. फिकटपणा रक्तक्षयात आढळतो. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने जीभ गुळगुळीत होऊ शकते, तर कोरडेपणा शरीरातील पाणी कमी झाल्याचे सुचवतो. काळसर, केसाळ दिसणाऱ्या थरामागे तंबाखू किंवा प्रतिजैविके असू शकतात. मात्र जिभेचा विशिष्ट भाग विशिष्ट अवयवाची स्थिती दाखवतो, याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. एकाच जिभेविषयी वैद्यांमध्ये मतभेद होतात, असेही अभ्यासांत दिसून आले आहे.

उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तंबाखू व गुटख्याचे व्यसन मोठ्या प्रमाणावर असल्याने एक दक्षता अत्यावश्यक ठरते. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ अथवा जीभ हलवताना होणारा त्रास ही मुखकर्करोगाची लक्षणे असू शकतात. त्यांना पित्त किंवा उष्णता समजून काढे घेत राहिल्यास मोलाचा काळ वाया जातो. निश्चित निदानासाठी त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. लखनौमध्ये १९११ साली सुरू झालेल्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या विद्यापीठात, तसेच देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. अशी चिन्हे दिसताच रुग्णाला तेथे पाठवणे हे जीभ पाहणाऱ्या प्रत्येक वैद्याचे व हकिमाचे पहिले कर्तव्य होय.