पिठले-भाकरी : नित्याच्या अन्नाचा इतिहास

राजवंश, युद्धे, तह आणि महसुलाची व्यवस्था ह्यांविषयी आपल्याकडे विपुल साधने उपलब्ध आहेत. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसे रोज काय खात होती, ह्या प्रश्नाला मात्र साधनांतून सरळ उत्तर मिळत नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते कोणी लिहून ठेवीत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. ह्या मौनाचा परिणाम असा झाला आहे की, नित्याचे अन्न अनादि कालापासून जसेच्या तसे चालत आलेले आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. पिठले-भाकरी हे ह्या समजुतीचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली, तेव्हा तिच्या लोकप्रियतेमागे स्वस्ताईइतकीच ‘हे आपले मूळचे अन्न’ ही भावना होती. ही भावना इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

१. साधनांचे स्वरूप

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात नाना प्रकारची मांसे, पक्वान्ने आणि डाळींपासून केलेला विदलपाक ह्यांचे वर्णन येते. मात्र ते राजाचे ताट आहे, कुणब्याचे नव्हे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त ह्याने ‘भोजनकुतूहल’ रचले. त्यात पदार्थांच्या गुणदोषांचा विचार असला तरी त्याची दृष्टी प्रामुख्याने शास्त्राची आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे ह्यांनी अशा ग्रंथांच्या आधारे जिलबीपासून घोड्यांच्या चंदीतील हरभऱ्यापर्यंत अनेक पदार्थांचा कालक्रम लावून दाखविला. त्यांच्या ह्या कार्याचे ऋण ह्या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने मानले पाहिजे.

मुद्रणयुगात १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ व १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ प्रसिद्ध झाले. ही पुस्तके लिहित्या-वाचत्या घरांसाठी होती. शेतकऱ्याच्या घराकडे पाहावयाचे तर थॉमस कोट्स ह्याने पुण्याजवळील लोणी गावाचा लिहिलेला आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत, तसेच जोतीराव फुले ह्यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’, अशा निराळ्या हेतूने लिहिलेल्या ग्रंथांकडेच वळावे लागते. लिखित साधन जेथे अपुरे पडते, तेथे उत्खननातील धान्य, वनस्पतिशास्त्र आणि भाषा ही तीन साधने उपयोगी पडतात.

२. घटकांचा कालक्रम

प्रथम भाकरी घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात वसलेल्या ह्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे मुख्य पीक जव हे होते. ज्याला आपण महाराष्ट्राचे धान्य म्हणतो तो जोंधळा मूळचा आफ्रिकेतील असून तेथूनच तो भारतात आला. कालांतराने दख्खनच्या काळ्या जमिनीत तो असा रुजला की, येथे शेतकऱ्याचे धान्य म्हणजे जोंधळा असे समीकरण झाले. कन्नडातील ‘जोळ’ आणि तेलुगूतील ‘जोन्न’ ही नावे मराठी ‘जोंधळा’ ह्या शब्दाशेजारी ठेवून पाहिली असता ह्या प्रसाराचे क्षेत्र भाषेतही उमटलेले दिसते.

पिठल्यातील हरभऱ्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानात आढळतो. हडप्पा संस्कृतीच्या काळापर्यंत हरभरा भारतात पोहोचलेला होता. ह्याउलट कुळीथ हे भारतातीलच कडधान्य असून त्याचे अवशेष इनामगावात मिळाले आहेत. कोकणात आजही कुळथाचे पिठले घरोघरी होते. हरभऱ्याचे पिठले सर्वत्र रूढ झाले असले तरी कडधान्याचे पीठ पाण्यात शिजवून खाण्याची रीत कुळथाच्या आधाराने अधिक जुनी असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

फोडणीतील हिंग इराण-अफगाणिस्तानातून येत असे. म्हणजे गरिबाच्या चुलीवरील पदार्थही दूरच्या व्यापाराशी जोडलेला होता. परंतु सर्वांत उद्बोधक इतिहास आहे तो मिरचीचा. मिरची अमेरिका खंडातील होय. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ती भारतात असणे शक्य नाही. ‘मानसोल्लासा’च्या काळी तिखटपणा मिऱ्याचा वा आल्याचा होता. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले व १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. ही मिरची नंतर इतकी वेगाने पसरली की, १५४२ साली लिओनहार्ट फुक्स ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिला ‘कालिकतचे मिरे’ म्हटले. अमेरिकेच्या वनस्पतीला पन्नास वर्षांच्या आत भारताचे नाव मिळाले होते.

३. नावे आणि जागा

ही अपरिचित वस्तू आपल्या समाजाने कशी सामावून घेतली, ह्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही, परंतु भाषेत आहे. ‘मिरची’ हे नाव ‘मिरी’ ह्या जुन्या नावावरून बनले. गोव्यात तिला मिरसांग म्हणतात, त्यातही मिरे आहेच. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या शेंगेला आपण भुईमूग म्हटले, टोमॅटोला बेलवांगे म्हटले. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या नात्याने ओळखावयाचे ही येथील रीत होती. नाव जुने मिळाल्यामुळे दोन-तीन पिढ्यांत वस्तूही जुनी वाटू लागली.

ह्या दृष्टीने ‘कोरड्यास’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कोरड्या भाकरीबरोबर ती गिळता यावी म्हणून जे काही घ्यावयाचे ते कोरड्यास. हे पदार्थाचे नाव नसून जेवणातील एका जागेचे नाव आहे. त्या जागेवर कधी कुळीथ, कधी हरभरा, कधी रानातील पालेभाजी, तर कधी नुसती चटणी येऊन बसली. धान्याच्या जागी जवानंतर जोंधळा आला, तिखटाच्या जागी मिऱ्यानंतर मिरची आली. घटक बदलले, तरी जेवणाची मांडणी टिकली.

मांडणीबरोबर हातही टिकला. जोंधळ्याच्या पिठात गव्हातील ग्लूटेन नसते. म्हणून कढत पाणी घालून पीठ अंशतः शिजवून घ्यावे लागते, परातीत वा काठवटीत तळहाताने रगडून मळावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते, म्हणून दळण ताजे लागते. पहाटे जात्यावर बसण्याचे श्रम ह्या एका गुणधर्मातून उद्भवले. ते श्रम शतकानुशतके स्त्रियांनी केले आणि दफ्तरांत त्यांची गणना नाही.

४. मिलोचा अनुभव

परकी वस्तू नेहमीच स्वीकारली जाते असे मात्र नाही. १९६५-६६ च्या टंचाईत आणि पुन्हा १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानांतून अमेरिकेची तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, वाटण्यात आली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलो आणि आपला जोंधळा ही एकाच जातीची धान्ये होत, दोघांचेही मूळ आफ्रिकाच. तरीही तिची भाकरी लोकांना रुचली नाही. त्या पिढीच्या आठवणीत मिलो हा शब्द अन्नापेक्षा अभावाचा वाचक म्हणून राहिला. एके काळी सर्वस्वी परकी असलेली मिरची ‘आपली’ ठरली, आणि जोंधळ्याचीच बहीण असलेली मिलो परकी राहिली.

ह्या विरोधाचा उलगडा मूळस्थानाच्या चर्चेतून होत नाही. मिरची परसात लावून, वाळवून, कुटून, सोसेल तेवढी वापरून घराघराने आपल्या इच्छेने आत्मसात केली. मिलो मात्र रांगेत उभे राहून, दुसरे काही मिळत नाही म्हणून घ्यावी लागली. पोटाला आधार देणारे अन्न मनालाही आधार देते, ते त्यावर खाणाऱ्याचा काही अधिकार चालतो तेव्हा, असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही.

५. निष्कर्ष

पिठले-भाकरी प्राचीन आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, तिचे घटक निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या खंडांतून आलेले आहेत. प्राचीनत्व असलेच तर ते तिच्या मांडणीला आणि ती घडविणाऱ्या हाताला आहे. अन्नाच्या शुद्ध मूळस्वरूपाविषयी जे दावे केले जातात, ते ह्या पुराव्यापुढे टिकत नाहीत. ह्यामुळे त्या अन्नाची योग्यता कमी होत नाही, उलट ज्या समाजाने ते स्वीकारून आपलेसे केले त्याच्या ग्रहणशक्तीची कल्पना येते. पेशवे दफ्तरातील कोठीचे हिशेब, दुष्काळाचे अहवाल, जात्यावरच्या ओव्या आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ही साधने ह्या दृष्टीने एकत्र तपासली जाणे अगत्याचे आहे. त्यांपैकी शेवटचे साधन फार काळ थांबणारे नाही, हे तरुण अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.