करपल्लवी आणि शिशूची पहिली भाषा : एका विलंबाचा इतिहास

हाताने बोलण्याच्या क्रियेस मराठीत फार पूर्वीपासून स्वतंत्र नाव आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘करपल्लवी’ हा शब्द आढळतो. बोटांच्या खुणांनी केलेले संभाषण असा त्याचा अर्थ आहे. डोळ्यांच्या खुणांसाठी ‘नेत्रपल्लवी’ हा त्याचा जोडशब्दही रूढ आहे. परंतु ही करपल्लवी कोणाची होती व ती कोणास येणे शक्य होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. बहिऱ्या बालकास भाषा केव्हा मिळते, या आजच्या प्रश्नाचे मूळ त्यातच सापडते.

परंपरागत करपल्लवीची रचना वर्णमालेवर उभी आहे. हाताने नागाच्या फण्याचा आकार केला की स्वर, कमळाचा केला की क-वर्ग, चक्राचा केला की च-वर्ग समजावयाचा. नंतर तितकी बोटे दाखवून वर्गातील नेमके अक्षर सांगावयाचे आणि चुटक्यांनी मात्रा दर्शवावयाची. ही योजना चतुर आहे यात संशय नाही. परंतु ती भाषा नव्हे. ते हाताने केलेले लेखन आहे. ज्यास वर्णमाला व मराठी या दोन्ही आधीच अवगत आहेत, त्यासच ती उपयोगी पडते. तिचे स्थान गुप्त संभाषणात व बुद्धिविनोदात राहिले, ते यामुळेच. दीड-दोन वर्षांच्या बहिऱ्या मुलास ना वर्णमाला ठाऊक, ना मराठी. म्हणजे हाताच्या बोलण्यास आपल्याकडे नाव होते, पण ज्यास त्याची खरी निकड होती, त्याच्या वयाला पुरेल असे त्याचे रूप नव्हते.

पुढचा टप्पा शाळेचा. मुंबईचे व्हिकार अपोस्टॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास मुंबईत मूकबधिरांची संस्था सुरू झाली. भारतातील अशा शाळांचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मोजला जातो. १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा निघाली. या संस्थांचा जन्मकाळ लक्षात घेण्याजोगा आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तिने खुणांपेक्षा मुखोच्चार व ओष्ठवाचन यांवर आधारलेली मौखिक पद्धती श्रेष्ठ असल्याचा ठराव प्रचंड बहुमताने संमत केला होता. मतदान करणाऱ्यांत बधिर व्यक्ती जवळजवळ नव्हत्या. भारतीय शाळा या निर्णयाच्या छायेतच वाढल्या. वर्गात ओठ वाचण्याची सक्ती व वसतिगृहात हातांचे मुक्त संभाषण, असा दुहेरी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. मिलान येथील ठरावांबद्दल याच परिषदेच्या परंपरेतील संमेलनाने अधिकृत खेद व्यक्त केला तो व्हँकूव्हर येथे, २०१० मध्ये, म्हणजे १३० वर्षांनी.

तथापि केवळ पद्धतीच्या वादाकडे पाहिले तर मूळ हानी दृष्टीआड होते. सांकेतिक भाषा वसतिगृहात जिवंत राहिली, हे खरे. पण वसतिगृहात मूल येते ते शाळेच्या वयात. त्याआधीची पाच-सहा वर्षे ते घरीच असते, आणि बहुसंख्य बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या घरात सांकेतिक भाषा जाणणारे कोणी नसते. अशी मुले स्वतःच्या ‘घरगुती खुणा’ रचतात. सुझन गोल्डिन-मेडो यांच्या अभ्यासातून दिसून आले की, या खुणांत क्रम व रचना असते आणि ती रचना आईच्या हातवाऱ्यांतून उचललेली नसते. भाषेची प्रेरणा उपजत असते, याचा हा सबळ पुरावा होय. परंतु एका मुलाच्या खुणांना पूर्ण भाषेची समृद्धी येत नाही. त्यासाठी बोलणाऱ्यांचा समाज लागतो. निकाराग्वात १९७७ नंतर बहिरी मुले प्रथमच शाळांतून मोठ्या संख्येने एकत्र आली आणि त्यांच्यात नवी सांकेतिक भाषा घडली. तीत व्याकरणाची भर घातली ती मुख्यतः लहान वयात दाखल झालेल्या मुलांनी. वयाचे महत्त्व याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

सांकेतिक भाषा ही खरी भाषा आहे, हे भाषाशास्त्राने मान्य करण्यासही विलंब लागला. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतील प्रत्येक खुणेचे हाताचा आकार, स्थान व हालचाल या घटकांत विश्लेषण केले. भारतात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी १९७८ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांची तुलना प्रसिद्ध केली आणि त्यांचे परस्परनाते दाखवून दिले. उल्रिके झेशान यांच्या अभ्यासाने या भाषेचे व्याकरण पुढे आले. तीत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, ही गोष्ट मराठीशी जुळणारी नाही. सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे, हे यावरून उघड होते. १९९१ मध्ये लॉरा पेटिटो व पॉला मॅरेंटेट यांनी दाखविले की, खुणांनी बोलणाऱ्या आईबापांची बहिरी तान्ही मुले, ऐकणारी मुले ज्या वयात बडबड करतात त्याच सुमारास, हातांनी बडबड करतात.

याच काळात एक विलक्षण उलटापालट घडली. लिंडा ॲक्रिडोलो व सुझन गुडविन यांनी १९८५ पासून ऐकणाऱ्या तान्ह्या मुलांच्या खुणांचा अभ्यास मांडला, आणि १९९६ मधील त्यांच्या पुस्तकानंतर सुखवस्तू घरांत बाळांना खुणा शिकविण्याची चाल पसरली. २०१३ मध्ये ब्रिटनमधील ४० बालकांवर एलिझाबेथ कर्क व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात खुणांमुळे भाषाविकासास वेग आल्याचे दिसले नाही. त्याचप्रमाणे खुणांनी बोलणे मागे पडल्याचेही दिसले नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. ‘खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाही’ ही भीतीच बहिऱ्या मुलांच्या वाटेत सर्वांत मोठी धोंड ठरली होती. ज्यांना खुणांवाचून काही अडत नव्हते त्यांना त्या पाळण्यात मिळाल्या. ज्यांची सारी भाषा त्यांवर अवलंबून होती त्यांच्यापासून त्या दूर ठेवल्या गेल्या.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकास, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. ब्रिटिश अमदानीत हा प्रदेश मध्य प्रांतात मोडत असे. मुंबईची संस्था त्याच्यापासून अंतरानेही दूर होती व प्रशासनानेही. येथे प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी नांदतात. घरात पोवारी किंवा गोंडी, अंगणवाडीत मराठी आणि बाजारात हिंदी, असा व्यवहार ऐकणाऱ्या मुलास समृद्ध करतो. पण ओठ वाचून भाषा शिकू पाहणाऱ्या बहिऱ्या मुलापुढे तो प्रत्येक पावलास निराळे ओठ उभे करतो. अशा प्रदेशात सांकेतिक भाषा हीच कोणत्याही एका बोलीवर अवलंबून नसलेली भाषा ठरते.

साधनांची जुळवाजुळव मात्र वयाशी विसंगत राहिली आहे. मुंबईत १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राचा कोश २०१८ मधील ३,००० शब्दांवरून २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत वाढला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासूनच्या तपासणीत बहिरेपणाचा समावेश आहे. परंतु २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो ६ ते १८ या वयोगटास. बहिरेपणा ओळखण्याची व्यवस्था जन्मापासून आणि शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून, या दोहोंमधील वर्षे म्हणजेच भाषा आपोआप रुजण्याची वर्षे होत.

करपल्लवीस वर्णमाला लागे, शाळेस वय लागे, मौखिक पद्धतीस ऐकू येणाऱ्यांचे अनुकरण लागे. प्रत्येक व्यवस्थेने मुलाकडे काहीतरी आधीच असल्याचे गृहीत धरले. तान्ह्या मुलाजवळ फक्त डोळे व हात असतात. श्रवणयंत्र वा शस्त्रक्रिया यांशी खुणांचे वैर नाही. त्यांचे फळ येईपर्यंतही मुलास भाषा हवीच असते. यास्तव सांकेतिक भाषा प्रथम शिकवावयाची ती शाळेतील विद्यार्थ्यास नव्हे, तर बहिरेपणाचे निदान झालेल्या बाळाच्या आईस, आजीस व अंगणवाडी सेविकेस. आणि ती शिकविण्यास योग्य गुरू म्हणजे त्याच प्रदेशातील प्रौढ बधिर व्यक्ती होत.