वजाबाकीतले तास

ॲक्सेसमध्ये हजेरी ठेवणाऱ्याला हा चमत्कार कधी ना कधी दिसतोच. कामगाराने रोज आठ तास, सहा दिवस काम केलेलं असतं. बेरीज करून तास-मिनिटांच्या रूपात मागावी, तर पडद्यावर येतं ००:००. अरे, आठवडाभराचा घाम गेला कुठे?

कुठेच नाही. ॲक्सेसच्या लेखी वेळ म्हणजे साधा आकडा. ३० डिसेंबर १८९९ ची मध्यरात्र म्हणजे शून्य, पुढचा प्रत्येक दिवस म्हणजे एक. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा ०.५. अठ्ठेचाळीस तास म्हणजे बरोबर २, मागे अपूर्णांक काहीच नाही, म्हणून घड्याळ शून्य दाखवतं. त्या २ ला २४ ने गुणलं की ४८ तास परत मिळतात, आणि त्याला ताशी दराने गुणलं की पगार.

गंमत म्हणजे हा ४८ चा आकडा मिळवायला आपल्याकडे साठेक वर्षं लागली, आणि त्या गोष्टीची सुरुवात एका ठाणेकराने केली. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात वाढले, रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून मुंबईत गिरणीच्या भांडारात लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली.

आता त्यातला 'सूर्यास्त' पाहा. कामाचा शेवट घड्याळावर नाही, आभाळावर सोडलेला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही हद्द पुसली गेली, दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. मग तास मोजून बांधणं भागच होतं. कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना १९११ मध्ये दिवसाचे १२ तास ठरवून दिले. १९२२ मध्ये ११ आणि आठवड्याला ६०, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४, १९४६ मध्ये ९ आणि ४८. एकेक तास असा सोडवून घेतलेला आहे, मंडळी!

मध्येच आणखी एक गोंधळ झाला. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांनी विरोध केला. भोंगा नव्या वेळेवर वाजू लागला की सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी उठायचं ते कामगाराने. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक वर्षं जुनीच वेळ धरून ठेवली. येण्याची नोंद एका घड्याळाची आणि जाण्याची दुसऱ्या, तर वजाबाकीला अर्थ काय राहिला?

तोच धडा ॲक्सेसमध्ये रात्रपाळीला लागू पडतो. वागळे इस्टेट असो की डोंबिवलीची एमआयडीसी, रात्री दहाला आत, सकाळी सहाला बाहेर. फक्त वेळ नोंदवली आणि वजाबाकी केली तर उत्तर उणे सोळा तास! तारखेसकट वेळ नोंदवली, किंवा उत्तर उणे आल्यावर त्यात १ मिळवला, की आठ तास सरळ मिळतात. तसंच 'डेटडिफ'ला थेट तास विचारू नयेत. ते तासाचे टोले मोजतं. ८:५९ ते ९:०१ ही दोन मिनिटं त्याला एक तास वाटतात, आणि ९:०० ते ९:५९ शून्य. मिनिटं मागावीत आणि ६० ने भागावं.

हे बारकावे क्षुल्लक वाटतील. पण १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर दिला. म्हणजे ओव्हरटाइमचं चुकलेलं प्रत्येक मिनिट कामगाराला दुपटीने महाग पडतं. आणि यंत्राने छापलेल्या आकड्याशी भांडायची हिंमत फार थोड्यांना होते. मस्टरवर हाताने लिहिणाऱ्या कारकुनाला निदान विचारता तरी यायचं, "भाऊसाहेब, माझे दोन तास कुठे गेले?"

म्हणून सूत्र लिहिणाऱ्यानेच तो प्रश्न आधी स्वतःला विचारावा. तुमच्यापैकी कुणी हजेरीचे हिशोब केले असतील तर तुमचे अनुभव जरूर कळवा.